गोष्ट आधी कोणाच्या घरी जावी? नूंगार भाषेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला राहणाऱ्या नूंगार लोकांविषयी एक छोटे टिपण आले होते. जवळजवळ मुकी झालेली आपली भाषा हे लोक एकत्र बसून पूर्वजांच्या गोष्टी सांगत पुन्हा बोलती करत आहेत, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर बडोद्याच्या वाचकांकडून पत्रे आली आणि त्यांतले प्रश्न इतके नेमके होते, की या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे न छापता त्यांची वस्ती तेवढी दिली आहे.

प्रश्न (रावपुरा, वडोदरा): मी निवृत्त शिक्षक आहे. नूंगार लोक नेमके कोण, आणि त्यांची भाषा बंद का पडली, हे आपण सविस्तर सांगावे. भाषा काळाच्या ओघात आपोआप मागे पडतात, असे आम्ही वर्गात शिकवत आलो. इथेही तसेच झाले का?

उत्तर: नाही, गुरुजी, इथे तसे झाले नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न पहिला घेतला आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या नकाशावर पर्थच्या बऱ्याच उत्तरेकडून दक्षिण किनाऱ्यावरच्या एस्परन्सपर्यंत एक तिरपी रेघ ओढली, तर ती रेघ आणि समुद्र यांच्यामध्ये येणारा सुमारे २ लाख चौरस किलोमीटरचा मुलूख म्हणजे नूंगार भूमी. तिथे परंपरेने १४ गट मानले जातात. पर्थ शहर वाजुक गटाच्या भूमीवर उभे आहे, तर दक्षिणेकडच्या अल्बनी बंदराचा परिसर मिनांग गटाचा. प्रत्येक गटाची बोली थोडी निराळी असली, तरी सगळे एकमेकांना नातेवाईक मानतात. त्यांच्या भाषेतले कितीतरी शब्द इंग्रजीने उचलले आहेत. क्वोक्का हा छोटा प्राणी आणि जॅरा व कॅरी ही उंच झाडे आज जगभर नूंगार नावांनीच ओळखली जातात.

ब्रिटिशांची वसाहत १८२९ मध्ये स्वान नदीच्या काठी झाली. जमीन गेली, शिकारीच्या वाटा बंद झाल्या, रोगराई आली आणि पिंजारासारख्या ठिकाणी १८३४ मध्ये कत्तलही झाली. पण भाषेवर खरा घाव घातला तो पुढे कायद्याने. राज्याच्या १९०५ च्या कायद्याने ‘मुख्य संरक्षक’ नावाच्या अधिकाऱ्याला सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक ठरवले, म्हणजे आईबाप जिवंत असताना मुलावरचा हक्क सरकारचा झाला. मुलांना उचलून मूर रिव्हरसारख्या सरकारी वसाहतींत ठेवले जाई. ही वसाहत १९१८ पासून १९५१ पर्यंत चालली. पर्थ शहराच्या मध्यभागी १९२७ ते १९५४ या काळात आदिवासींना परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हते. आणि १९४४ च्या कायद्याने नागरिकत्वाचे हक्क देऊ केले ते कोणत्या अटींवर, हे पाहण्यासारखे आहे. अर्जदाराने आपल्या जमातीशी असलेले संबंध तोडलेले असावेत, जवळचे कुटुंब तेवढे वगळून, आणि त्याला इंग्रजी बोलता व समजता यावे.

एखादी नूंगार आई आपल्या मुलाशी मातृभाषेत बोलायची थांबली असेल, तर ती कोणत्या परिस्थितीत थांबली हे आता आपल्या लक्षात येईल. बोलताना कोणी ऐकले तर मूल जाईल, ही भीती होती. त्यामुळे भाषा घराच्या आत, मोठ्यांच्या कुजबुजीत आणि इंग्रजीत मिसळलेल्या सुट्या शब्दांत उरली. आज नूंगार वंशाचे लोक ३० हजारांच्या आसपास आहेत, पण जनगणनेत ही भाषा घरी बोलतो असे सांगणारे काही शेकडेच भरतात. ‘काळाच्या ओघात’ हा शब्दप्रयोग अशा ठिकाणी वापरू नये असे मला मनापासून वाटते, कारण त्याने करणाऱ्याचे नाव पुसले जाते.

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): भाषा बोलणारेच उरले नव्हते, तर गोष्टी आल्या कुठून? आणि ‘गोष्टी सांगून भाषा परत आणली’ याचा प्रत्यक्षात अर्थ काय? कोण सांगतो, कोण ऐकतो?

उत्तर: सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून इथे थोडे थांबून सांगतो.

बोलणारे अजिबात उरले नव्हते असे नाही. लहानपणी आजीआजोबांचे बोलणे कानावर पडलेली म्हातारी माणसे होती, त्यांच्याजवळ शब्द होते, गाण्यांचे तुकडे होते. मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग सांगितलेली गोष्ट दुर्मीळ झाली होती. ती सापडली एका विलक्षण ठिकाणी. गेऱ्हार्ट लेव्ह्ज नावाचा एक तरुण अमेरिकन भाषाभ्यासक १९३१ च्या सुमारास अल्बनीला आला होता. तिथल्या नूंगार जाणत्यांनी त्याला गोष्टी सांगितल्या आणि त्याने त्या ध्वनिचिन्हांत, जशा ऐकल्या तशा, लिहून घेतल्या. पुढे तो अमेरिकेला परतला, भाषाशास्त्र सोडून दुसऱ्याच व्यवसायात गेला आणि वह्या तशाच पडून राहिल्या. १९८० च्या दशकात त्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी अभ्यासाच्या राष्ट्रीय संस्थेकडे, कॅनबेराला पोहोचल्या.

आता असे साहित्य हाती आल्यावर विद्वान सहसा काय करतात? निबंध लिहितात, शब्दकोश करतात, पुस्तक छापतात. इथे क्रम उलटा ठेवला गेला, आणि माझ्या मते सगळे यश त्या क्रमात आहे. ज्यांनी त्या गोष्टी सांगितल्या होत्या त्यांची मुले, नातवंडे आणि पतवंडे कोण, हे आधी शोधले गेले. वह्यांचा वापर कसा करावा, कोणती गोष्ट कोणाच्या संमतीने पुढे जावी, याची कार्यपद्धती त्या कुटुंबांच्या सल्ल्याने लेखी ठरली. मग किम स्कॉट या नूंगार कादंबरीकाराने आणि त्यांच्या विर्लोमिन कुळातल्या वडीलधाऱ्यांनी मिळून बैठका घ्यायला सुरुवात केली. स्कॉट हे काही साधे नाव नाही. ऑस्ट्रेलियातला माइल्स फ्रँकलिन हा मानाचा साहित्य पुरस्कार त्यांना २००० आणि २०११ अशा दोन वेळा मिळाला आहे. पण या कामात त्यांनी लेखकाची खुर्ची सोडून जमिनीवर बसणे पत्करले. त्यांच्या नात्यातल्या हेझल ब्राउन या ज्येष्ठ बाईंकडून ते आधीच कुळाचा इतिहास ऐकत होते, त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसासमोर बसून शिकण्याची शिस्त त्यांच्या अंगी होती.

या बैठकांत आधी कुटुंबाच्या हाती त्यांच्या पूर्वजाने सांगितलेल्या गोष्टीची प्रत दिली जाते. लेव्ह्जची ध्वनिचिन्हे कोणालाच सहज वाचता येत नाहीत, म्हणून भाषा जाणणारा कोणीतरी ती मोठ्याने उच्चारून दाखवतो. ऐकणारी म्हातारी माणसे एखाद्या शब्दाशी थांबतात: हा आवाज असा नाही, हा घशातून नाही तर जिभेच्या टोकावरून येतो, माझी आजी हेच निराळ्या सुराने म्हणत असे. मग वाक्य पुन्हा म्हटले जाते, सगळे मिळून म्हणतात, लहान मुलेही म्हणतात. वह्यांत आवाजाच्या खुणा होत्या, म्हाताऱ्यांच्या कानात सूर होता. दोन्ही एका खोलीत आल्याशिवाय गोष्ट उभी राहिली नसती. कुटुंबातल्याच माणसांनी चित्रे काढली. पुढे ही मंडळी अल्बनीच्या पट्ट्यातल्या शाळांमध्ये गेली आणि मुलांसमोर उभे राहून, गाणी म्हणत, आपल्या तोंडाने त्या गोष्टी सांगू लागली. पुस्तक आले ते यानंतर, २०११ मध्ये पहिली दोन आणि पुढच्या वर्षांत आणखी काही. त्यांत नूंगार मजकूर, शब्दाला शब्द असा इंग्रजी अर्थ आणि मग वाचायला सोपे इंग्रजी, अशी मांडणी आहे, म्हणजे भाषा शिकणाऱ्याला तिची वाक्यरचना कशी चालते ते दिसावे.

त्यांतली एक गोष्ट देवमाशाची आहे. देवमाशाला त्यांच्या भाषेत ‘मामांग’ म्हणतात. दक्षिण किनाऱ्यावरचा एक तरुण देवमाशाच्या आत शिरतो, त्याचे हृदय हाताने दाबत आणि वडिलांनी शिकवलेले गाणे म्हणत त्याला चालवतो आणि दूरच्या अनोळखी किनाऱ्याला पोहोचतो. ही गोष्ट फ्रेडी विन्मर नावाच्या माणसाने लेव्ह्जला सांगितली होती. अल्बनीच्या आसपास हिवाळ्यात देवमासे खरोखरच किनाऱ्याजवळ येतात. तिथल्या शाळेतल्या मुलाला ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा तो ज्या समुद्राकडे रोज पाहतो त्याचीच ती गोष्ट असते, आणि सांगणारा त्या मूळ निवेदकाच्या गोतातलाच कोणी असतो. नुसत्या शब्दकोशातून हे मिळत नाही. नूंगारचे शब्दकोश १८४० च्या सुमारापासून होत आले आहेत, जॉर्ज फ्लेचर मूर या वसाहतीतल्या अधिकाऱ्याने १८४२ मध्ये मोठा शब्दसंग्रह छापला होता, तरीही पुढच्या शंभर वर्षांत भाषा खालावतच गेली. शब्द जपले गेले, बोलणे जपले गेले नाही.

प्रश्न (वाडी, वडोदरा): आमच्या घरात चौथी पिढी बडोद्यात आहे. मुले आपसात गुजराती आणि इंग्रजी बोलतात, आमच्याशी कसेबसे मराठी. आपली मराठीही नूंगारच्याच वाटेने चालली आहे असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर: आपली काळजी खरी आहे, पण ही तुलना मी मान्य करणार नाही, आणि त्याचे कारण स्पष्टच सांगितले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही सव्वाआठ कोटींहून अधिक भारतीयांची मातृभाषा आहे. बडोद्यात तर ती गायकवाडांच्या दरबारातून आली, म्हणजे सत्तेच्या बाजूने आली. इथे १९०९ पासून मराठी साहित्य संमेलने भरत आली आहेत आणि २०१८ मध्ये ९१ वे संमेलनही इथेच झाले. मराठी बोलल्याबद्दल आपल्या मुलांना कोणी घरातून उचलून नेले नाही. ज्यांची मुले नेली, त्यांच्या दुःखात आपली अडचण मिसळू नये.

तरीही घराच्या पातळीवर एक गोष्ट सारखी आहे, आणि तिथे नूंगार अनुभव उपयोगी पडतो. मुलाने मराठीत बोलावे असा आग्रह धरला, की मूल उत्तरापुरते दोन शब्द बोलते. त्याला मराठीत काही ऐकायचे असले पाहिजे, जे गुजरातीत किंवा इंग्रजीत मिळणार नाही. श्रावणातल्या कहाण्या आठवा. ‘आटपाट नगर होतं’ म्हटले की पुढचे वाक्य कोणत्या लयीत येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे, आणि ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ होईपर्यंत हातात अक्षता धरून बसावे लागे. सोमवारची कहाणी सोमवारी, शुक्रवारची शुक्रवारी. गोष्टीला वार होता, हातात काही करायचे होते, शेवट सगळ्यांनी मिळून म्हणायचा होता. नूंगार परंपरेतही गोष्टीला ऋतू आणि जागा असते. तिथे वर्षाचे सहा ऋतू मानतात, ‘बिराक’ या कोरड्या उन्हाळ्यापासून फुलांच्या ‘कांबारांग’पर्यंत, आणि कोणत्या ऋतूत काय खावे, कुठे मुक्काम हलवावा हे ज्ञान त्या ऋतूंच्या नावांभोवतीच सांगितले जाते. स्वान नदी कशी झाली, तर वागल नावाच्या महासर्पाने सरपटत तिचे वळण कोरले, आणि सांगणारा ते वळण प्रत्यक्ष दाखवू शकतो.

म्हणून माझी सूचना एवढीच, की घरात ‘मराठी बोला’ असे म्हणण्याऐवजी आठवड्यातली एक वेळ आणि एक जागा गोष्टीसाठी ठरवावी. गोष्टी आपल्या घरच्या असाव्यात: पणजोबा कोणत्या गावाहून कोणत्या नोकरीसाठी बडोद्याला आले, मांडवीजवळचे जुने घर कसे होते, विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कोण कोणाकडे राहिले. बडोद्याची मराठी जशी आहे तशीच बोलावी. तिच्यात गुजराती शब्द येतात म्हणून आजीला मध्येच थांबवून पुण्याचे रूप सांगू नये. तिथले नूंगार कार्यकर्तेही एका बोलीने दुसरीला दाबू नये याबद्दल फार जागरूक असतात. नूंगार हे नावच चारपाच प्रकारे लिहिले जाते आणि प्रत्येक कुटुंब आपले रूप धरून असते. सगळ्यांसाठी एकच प्रमाण रूप आधी ठरवू आणि मग बोलू, असे म्हणत बसले असते तर बोलणे राहून गेले असते.

प्रश्न (फतेहगंज, वडोदरा): नूंगार भाषा आता फक्त गोष्टींपुरतीच आहे की शहरातही दिसते?

उत्तर: शहरातही दिसते. पर्थच्या यिर्रा याकिन या आदिवासी नाट्यसंस्थेने २०१२ मध्ये लंडनच्या ग्लोब रंगमंचावर शेक्सपिअरची सुनीते नूंगारमध्ये सादर केली आणि २०२० मध्ये त्याच्या एका शोकांतिकेचे पूर्ण नूंगार रूपांतर पर्थला रंगवले. क्लिंट ब्रॅकनेल हे नूंगार संगीतकार आणि अभ्यासक जुन्या नोंदींतली गाणी पुन्हा गळ्यावर चढवण्याचे काम करतात. काही शाळांत भाषा शिकवली जाते, आंतरजालावर नूंगार ज्ञानकोश उभा राहतो आहे. हे सगळे महत्त्वाचे आहे. पण कुटुंबांच्या बैठकांतून भाषा आधी तोंडात आली नसती, तर रंगमंचावर ती पाठ केलेली वाटली असती, असे मला वाटते.

प्रश्न (कारेलीबाग, वडोदरा): ज्या जमिनीच्या या गोष्टी, ती जमीनच हातात नसेल तर भाषा टिकेल का?

उत्तर: नूंगार लोकांनाही हा प्रश्न टाळता आला नाही. पर्थ परिसरावर मूळ रहिवासी म्हणून त्यांचा असलेला हक्क टिकून आहे असा निकाल संघीय न्यायालयाने २००६ मध्ये दिला, तो २००८ मध्ये अपिलात रद्द झाला, मग दीर्घ वाटाघाटी झाल्या. राज्य विधिमंडळाने २०१६ मध्ये नूंगार लोकांना या भूमीचे परंपरागत मालक म्हणून मान्यता देणारा कायदा केला. त्या कायद्याच्या नावातच भूत, वर्तमान आणि भविष्य यांसाठीचे तीन नूंगार शब्द आहेत. प्रत्यक्ष समझोता फेब्रुवारी २०२१ मध्ये अमलात आला.

न्यायालयाच्या बाहेरही एक काम झाले, ते गोष्टींनीच केले. दक्षिण किनाऱ्याजवळ रेव्हन्सथॉर्पच्या परिसरात, कोकनारप इथे, १८८० च्या दशकात नूंगार लोकांच्या हत्या झाल्या होत्या. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या अनेक कुटुंबे त्या भागातून जातानाही तिथे थांबत नसत. विर्लोमिन मंडळी आपल्या पूर्वजांच्या या मुलखात गोष्टी घेऊन परत गेली. झाडाला, पाणवठ्याला, खडकाला त्यांच्या नावाने हाक मारली. भीतीची जागा पुन्हा आपली जागा करण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

प्रश्न (अलकापुरी, वडोदरा): मी सुट्टीच्या दिवशी छोटा उदेपूर भागात राठवा या आदिवासी समाजातल्या मुलांना शिकवायला जाते. तिथल्या आज्या राठवीत फार सुंदर गोष्टी सांगतात. त्या मोबाइलवर चित्रित करून सर्वांना पाहता येतील अशा टाकाव्यात असा माझा विचार आहे. नूंगार लोकांकडून मला काय शिकता येईल?

उत्तर: ताई, आपला हेतू चांगला आहे, म्हणूनच थोडे सावकाश जाण्याची विनंती करतो.

आपण ज्या भागात जाता तिथे या कामाची वाट आधीच पडलेली आहे. भाषांचे अभ्यासक गणेश देवी यांनी १९९६ मध्ये बडोद्यात भाषा संशोधन व प्रकाशन केंद्र सुरू केले आणि पुढे तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली. आदिवासी तरुणांनी आपल्या भाषांत लिहावे, आपल्या लोकांच्या गोष्टी आपणच गोळा कराव्यात, हा तिथला आग्रह. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचे कामही याच केंद्राने हाती घेतले आणि त्यात ७८० भाषांची नोंद झाली. आपण आधी तेजगढला जाऊन तिथल्या राठवा कार्यकर्त्यांना भेटावे.

राठवांच्या घरातला पिठोरा, म्हणजे भिंतीवरचे विधीचे चित्र, आपण पाहिला असेल. नवस फेडताना ओसरीची भिंत सारवून तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात दिला जातो, मग लखारे, म्हणजे हे चित्र रेखाटणारे, तिच्यावर घोडे, देव, शेतकरी, झाडे, प्राणी लिहितात. ‘काढतात’ असे तिथे कोणी म्हणत नाही. चित्र पूर्ण झाले म्हणजे काम संपले असे नसते. बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती ओळखून सांगतो, आणि त्याने मान्यता दिली तरच पिठोरा घरात आला असे मानतात. म्हणजे तिथे गोष्टीला सांगण्याचा प्रसंग आहे, सांगण्याचा अधिकार आहे, आणि ती कोणाच्या घरात वसली आहे हेही ठरलेले आहे. भिंतीचे छायाचित्र काढून नेणाऱ्याला रंग मिळतात, पण बडव्याचे सांगणे मिळत नाही.

नूंगार कुटुंबांनी जो क्रम पाळला तो इथे चालेल. आजीने सांगितलेली गोष्ट आधी तिच्याच नातवंडांना ऐकवा, तिच्याच वस्तीत, तिच्याच घरी. त्यांनी ती आपल्या तोंडाने परत सांगेपर्यंत वाट पाहा. नातवंड चुकेल आणि आजी दुरुस्त करील, तेवढ्यात भाषेचा जितका भाग पुढच्या पिढीकडे जाईल तितका चित्रफितीतून जाणार नाही. मग वस्तीतल्या इतर घरांना ऐकवा, शाळेत आजीलाच बोलवा. हे सगळे झाल्यावर, ही गोष्ट बाहेरच्यांनी ऐकलेली चालेल का, हे आजीला आणि तिच्या कुटुंबाला विचारा, आणि काही गोष्टींना त्या नाही म्हणाल्या तर तो नकार जसाच्या तसा घ्या. विधीच्या गोष्टी, मृतांच्या गोष्टी, फक्त बायकांनी किंवा फक्त पुरुषांनी ऐकायच्या गोष्टी सगळीकडे असतात. नूंगार मंडळींनीही वह्यांतले सगळे काही छापले नाही.

‘तोपर्यंत आजी राहिल्या नाहीत तर?’ असे आपल्या मनात येईल. ते योग्यच आहे. म्हणून ध्वनिमुद्रण आजच करा. थांबायचे आहे ते प्रसिद्धीसाठी. लेव्ह्जने १९३१ मध्ये लिहून घेतले नसते, तर देवमाशाची ती गोष्ट त्या रूपात हाती आली नसती, हेही तितकेच खरे.

प्रश्न (मांजलपूर, वडोदरा): ध्वनिमुद्रण करताना नेमके काय लिहून ठेवावे आणि ते कोणाकडे राहावे?

उत्तर: सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, तिचे माहेर आणि सासर, ही गोष्ट तिने कोणाकडून ऐकली, कोणत्या प्रसंगी सांगतात, मुद्रणाच्या वेळी कोण कोण हजर होते, आणि तारीख, एवढे मुद्रणाच्या सुरुवातीलाच तिच्या आवाजात बोलून घ्यावे, कारण कागद वेगळा होतो, आवाज वेगळा होत नाही. लेव्ह्जच्या वह्यांत सांगणाऱ्यांची नावे होती म्हणूनच सत्तरपंचाहत्तर वर्षांनी त्यांच्या वारसांचा शोध घेता आला. अनेक जुन्या संग्रहांत नुसते ‘एक म्हातारी बाई’ असे लिहिलेले असते आणि तिथे वाट संपते.

गोष्ट तोडून घेऊ नये. मध्ये कोंबडी ओरडली, नातू रडला, आजी उठून चुलीतली लाकडे पुढे सारून आली, तरी मुद्रण चालू ठेवावे. लिहून काढताना आधी तिचे वाक्य जसे आहे तसे, मग खाली शब्दाला शब्द असा मराठी किंवा गुजराती अर्थ, आणि सगळ्यात शेवटी वाचण्याजोगे भाषांतर द्यावे. एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी, जे यंत्र त्या घरात खरोखर चालते त्यावर घालून द्यावी, मग ते मुलाच्या मोबाइलमधले कार्ड असो. दुसरी गावच्या शाळेत किंवा तेजगढसारख्या ठिकाणी, आणि तिसरी आपल्याकडे. तिन्हीवर एकच चिठ्ठी असावी: ही गोष्ट दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर घरातल्या कोणाला विचारायचे, त्याचे नाव, आणि त्याच्यानंतर कोणाला, त्याचेही नाव.